खुराड्यावरचं व्हिएतनाम

हे पूर्ण असं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुकडे सांगितलेत — ज्याला जो तुकडा सोयीचा, तो. म्हणजे मला सोयीचा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय असं समजू नका हं. कालपासून लिहायला बसतेय आणि उठून चहा करतेय. आईने शेवटी विचारलंच, आज काय पाहुणे येणारेत का गो?

सुरुवात कुठून करू? — आमच्या बदलापुरात कुणाला परदेशात स्वस्तात फिरायचं असलं, की माणसं माझ्याकडे येतात. मावसबहिणीचं बालीचं हनिमून मी आखलं. अंबरनाथला ज्या कंपनीत मी हिशेब बघते, तिथल्या साहेबांच्या मुलाला थायलंडची रात्रीची बस मी शोधून दिली. कुठल्या विमानतळावर पाणी फुकट मिळतं, कुठल्या देशात रिक्षावाला कसा फसवतो — मला विचारा. आणि मी स्वतः? मी गोव्याच्या पुढे गेलेली नाही. माझ्याकडे कोरा पासपोर्ट आहे, त्याला एक शिक्का नाही.

यावर ऑफिसातले आणि कॉलेजातले लोक काय म्हणतात माहितीये? "बिचारी. कॉलेजात होती तेव्हा जाणार होती, पण बापाने पाठवलं नाही." हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतेय. ऐकून मान खाली घालतेय. ती मान खाली घालणं — तिथे काहीतरी लपलेलं आहे. त्याच्याकडेच यायचंय. जरा धीर धरा, मलाही धीर धरायला लागतोय.

आम्ही बदलापुरातल्याच सोनिवली गावचे. आगरी. भाताची थोडी जमीन उरलीये, बाकीच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. बाबांचा छोटा टेम्पो आहे. उल्हासनगरात शिवलेल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यात न्यायच्या आणि परत आणायच्या, हा धंदा. मी उल्हासनगरातच कॉलेजला होते आणि तिथे मला भाविका भेटली. सिंधी, फाळणीनंतर वसलेल्या कॅम्पातली, वडिलांचं कापडाचं दुकान. हसली की डोळे बंद होणारी. माझ्यासारखी फाटक्या तोंडाची नव्हे — चार शब्द बोलायची, तेही विचार करून. आमची जोडी बघून सगळे म्हणायचे, एक रेडिओ आणि एक टेबल.

व्हिएतनामचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते आठवत नाही. कुणीतरी व्हिडिओ दाखवला असेल. पण एकदा शिरलं ते शिरलं. कॉलेजच्या गेटबाहेर दाल-पकवानची गाडी होती, तिच्यामागच्या कट्ट्यावर आमचं ऑफिस. एका पाठीवरच्या पिशवीत पंधरवडा कसा काढायचा, कुठून कुठे झोपायच्या बसने गेलं की त्या रात्रीचं खोलीचं भाडं वाचतं, कुठल्या हॉस्टेलात नाश्ता फुकट — सगळं मी ठरवायचे. भाविकाने फक्त एक गोष्ट ठरवली होती, खाण्याची. कोकी न्यायची. म्हणजे ती कांदा घातलेली त्यांची जाड खरपूस रोटी, तिच्या मम्मीच्या हातची. मी म्हटलं, अगं तिथे जाऊन कोकी खायची? ती म्हणाली, भूक लगेगी तब बोलना.

खरं सांगू? मला ते आखणं फार आवडायचं. जाण्यापेक्षा जास्त. नकाशा उघडला की मी राणी. वर्गातल्या पोरी कट्ट्यावर येऊन ऐकत बसायच्या. मी हात उडवत सांगायचे, हनोईला उतरलं की असं करायचं, तसं करायचं — दहा वेळा जाऊन आल्यासारखी. हे तेव्हा कळायला हवं होतं.

मग घरच्यांना विचारायची वेळ आली. मला वाटलं होतं, आमच्याकडे युद्ध होईल. बाबांना टेम्पो धुताना सांगितलं, म्हटलं हात ओले आहेत, मारायला वेळ लागेल. ते ऐकत राहिले, फडका पिळला आणि म्हणाले, "जा गो. मना त्यातला काय समजत नाय, पन तू जा." एवढंच. आईनेच मग दोन दिवस तोंड फुगवलं. अडलं ते भाविकाच्या घरी. तिची मम्मी ऐकेना. दोन पोरी, परका मुलुख, कोण बघणार?

तर बाबा त्यांच्या घरी गेले. आपणहून. मी सांगितलं नव्हतं. आमच्यात असंच — दुसऱ्याची पोर न्यायची असली, मग जत्रेला का असेना, तर घरातल्या मोठ्याने जाऊन विचारायचं असतं. फोनवर नव्हे, दारात जाऊन. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पण पँट टेम्पोवरचीच राहिली. म्हणून तिथे सोफ्याच्या अगदी कडेला बसले, सोफा मळू नये म्हणून. अर्धं अंग हवेत. पाणी प्यायले आणि त्यांच्या त्या खास हिंदीत म्हणाले, "भाभी, टेन्शन मत लो. मेरी पोरगी जाती है म्हणजे तुम्हारी पोरगी अकेली नहीं. मेरा शब्द है."

आंटींनी, म्हणजे भाविकाच्या मम्मीने, रिकामा ग्लास उचलला. मग म्हणाल्या, "भाईसाब, आपके भरोसे भेज रही हूँ."

परत येताना बाबा टेम्पोत गुणगुणत होते. मी बाजूला बसून रस्त्यावरच्या बिल्डिंगी मोजत होते. मला आनंद व्हायला हवा होता ना? व्हायला हवाच होता. पण झाला नाही. आता कुणी अडवणारं उरलं नव्हतं.

तो का झाला नाही, ते कळलं पुढच्या महिन्यात. मीच टूम काढली होती की जायच्या आधी तालीम करू. मुंबईत एका हॉस्टेलात एक दिवस राहू, तिथे परदेशी पोरंपोरी उतरतात, सवय होईल. गेलो. संध्याकाळी खालच्या खोलीत सगळे बसले होते, पत्ते चालले होते. एका गोऱ्या मुलीने मला साधं विचारलं, तू कुठची. एवढंच हो! आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी, कट्ट्यावरची राणी! ती आपली वाट बघतेय हसून, आणि मी तिच्याकडे बघतेय. शेवटी भाविकाने उत्तर दिलं. मोडक्या इंग्रजीत, निवांत. उल्हासनगर कुठे आहे तेसुद्धा सांगितलं, हवेत रेघ मारून. मग ती पत्ते खेळायला बसली आणि दोन डावांत त्यांच्यातलीच झाली. माझ्या एकाही माहितीची तिथे कुणाला गरज नव्हती.

मी मोरीत जाऊन कडी लावली. बाहेर आले ते पोट धरून. म्हटलं दुखतंय, घरी जाऊ. भाविकाने हातातले पत्ते तसेच खाली ठेवले, माझी पिशवीसुद्धा तिनेच उचलली. मुंबईहून घरी येईपर्यंत पाठ चोळत होती माझी. पोट दुखत नव्हतं. हे पहिलं खोटं, पण ते मोठं नाही. मोठं पुढे आहे.

मी कशाला घाबरले होते? विमानाला नाही. परक्या देशालाही नाही, असं आता वाटतं. पंधरा दिवस एकत्र राहिल्यावर भाविकाला कळेल याला घाबरले होते. की ही नुसती बोलते. हिच्यात काही नाही. तो नकाशा काढून घेतला की ही मोरीत जाऊन कडी लावते.

आणि तेवढ्यात आमच्या नाक्यावर बॅनर लागला.

हसा. मीसुद्धा आता हसते. आमच्या भागात कुणी दहावी पास झालं तरी बॅनर, बुलेट घेतली तरी बॅनर, काहींच्या बैलाचा वाढदिवस बॅनरवर असतो. मग परदेशाला जाणारी पोरगी सुटते काय? तिकीट काढलेलं नाही, व्हिसा नाही, आणि बाबा व काकांनी मिळून नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स ठोकला. कुणाच्या तरी लग्नात काढलेला माझा गॉगल लावलेला फोटो. मागे विमान. विमानाच्या बाजूला आयफेल टॉवर, कारण बॅनरवाल्याकडे व्हिएतनामचं चित्रच नव्हतं. वर लिहिलेलं: आमची लाडकी कन्या कु. हर्षला व तिची मैत्रीण कु. भाविका यांना व्हिएतनाम दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा! खाली शुभेच्छुक म्हणून हात जोडलेले बाबा.

मी घरी येऊन आकांडतांडव केलं. अजून तिकीट तरी काढलंय का, लाज काढली माझी, वगैरे. बाबा बावरले. म्हणाले, "तिकीट काय, ते निघंल ना. तू जानार तर हायेस ना गो?" दुसऱ्या दिवसापासून भाजीवालीसुद्धा विचारायला लागली, कधीचं विमान? सगळं गाव मला विमानात बसवून मोकळं झालं होतं.

आता आलं. चहा नाही करत, सांगते.

तिकिटं काढायची ठरली त्या दिवशी भाविका कट्ट्यावर माझ्याआधी येऊन बसली होती. नवीन पाठपिशवी दाखवायला आणली होती, निळी. मम्मीने कार्ड दिलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले, बसलेही नाही, आणि म्हणाले, "बाबा नको म्हणाले."

एवढंच वाक्य. घरून ठरवून निघाले होते का? हो. रस्ताभर घोकत आले होते. तोंडातून चुकून निसटलं वगैरे काही नाही. आणि हेही घोकलं होतं की आईचं नाव घ्यायचं नाही, बाबांचंच घ्यायचं. कारण गावातला बाप पोरीला नाही म्हणतो यावर कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवील, एक प्रश्न विचारणार नाही. झालंही तसंच. भाविकाने विचारलं नाही की अरे, ते तर घरी येऊन शब्द देऊन गेले होते. तिने निळी पिशवी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. म्हणाली, "तुम लोगों में अभी भी ऐसा चलता है ना." आणि तीच रडली. माझ्यासाठी.

मी तिच्या खांद्यावर मान टाकली. आणि मला — हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — मला बरं वाटलं. एकदम हलकं. वर आणखी गोडसुद्धा. घाबरट पोरगी नाहीशी झाली आणि तिच्या जागी बिचारी पोरगी आली. बिचारीला सगळे जपतात.

संध्याकाळी घरी येऊन उलटं सांगितलं. भाविकाच्या घरचे ऐनवेळी नाही म्हणाले. बाबा म्हणाले, "भाभी तं हो बोलल्या व्हत्या." मी खांदे उडवले. ते उठले आणि शिडी घेऊन नाक्यावर गेले. बॅनर स्वतः उतरवला, काकांनाही बोलावलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, पोरीची परीक्षा आली मधे. माझं हसं होऊ नये म्हणून. माझ्या खोट्यावर पांघरूण घालायला माझ्या बापाने स्वतःचं खोटं तयार केलं, आणि त्याला माहीतही नव्हतं.

फ्लेक्स आमच्यात कुणी फेकत नाही. पाणी अडवतो, टिकतो. बाबांनी तो मागच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. छापलेली बाजू आत केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी अंडी काढायला वाकलं की डोक्यावर मी. गॉगल लावलेली, मागे आयफेल टॉवर. अंडी काढायचं काम मी आईच्या गळ्यात टाकलं.

आणि भाविकाकडे काय झालं असेल? विचार करा. एक माणूस घरी येतो, पाणी पितो, शब्द देतो, आईचं मन वळवतो — आणि मग स्वतःच्याच पोरीला अडवतो. आंटींनी त्यांच्या दृष्टीने बरोबर तेच केलं. त्यांनी बाबांना मनातून काढून टाकलं.

मला हे कळलं जेवताना. बाबा सांगत होते — ते बाजारात माल भरत होते, समोरून भाविकाचे पप्पा आले. बाबांनी हात वर केला, सिंधी लोक एकमेकांना म्हणतात तसं म्हणाले, "काय साईं!" पप्पांनी बघितलं. नीट बघितलं. आणि वळून दुकानात गेले. बाबा ताटात हात तसाच ठेवून म्हणाले, "माजा काय चुकला गो?"

ही ती वेळ होती. भाकरी माझ्या हातात होती, शब्द तोंडात होता. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बाबा, ती माणसं असलीच. कामापुरतं गोड." तिकडे आमच्या लोकांची बदनामी करून सुटले होते, इकडे त्यांच्या लोकांची केली. दोन्हीकडे जे लगेच पटेल तेच विकलं. पण बाबांना पटलं नाही. ते म्हणाले, "असा नाय बोलू. त्यांचे घरचा पानी पिलोय मी. त्याला लाज वाटली आसंल, पोरीला नाय पाठवला म्हनून." आणि ते जेवायला लागले. अंगठेबहाद्दर म्हणून लोक ज्याला हसतात तो माझा बाप तोंड फिरवणाऱ्यासाठी कारण शोधत होता, आणि मी ताटात भाकरी वाढत होते.

मग वर्षं गेली. मधे कोरोना आला, गेला. भाविका नोकरीला लागली, ऑफिसच्या पोरींबरोबर इकडे तिकडे फिरून आली. व्हिएतनामला मात्र गेली नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, वो अपना है. मैत्री टिकली, पण ती आमच्या घराचं नाव काढायची नाही आणि मी तिच्या. दोघींची ठरलेली जागा स्टेशनजवळची. तू का नाही जात, असं बाबांनी विचारलं की "माझा भाव वाढलाय, काय करणार" अशी मस्करी करत मी लोकांना परदेशी पाठवत राहिले. आणि मान खाली घालत राहिले.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाची हळद होती. बाबाच म्हणाले, "तुजी ती भाविका, तिला बोलव गो. आता कशाला राग?" मी टाळलं. त्यांनी माझ्या फोनवरून स्वतः तिला बोलावलं. ती आली. बाबांना नुसतं नमस्ते अंकल म्हणाली, ताठ. बाबांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते म्हणाले, चल, भाभीसाठी गावठी अंडी देतो. आणि तिला घेऊन मागे गेले.

हळदीचा डीजे दणदणत होता. मला दिसलं ते दोघं मागच्या अंगणात वळताना. मी पळाले — साडीत, पायात चप्पल नाही. पोचले तेव्हा भाविका खुराड्यात वाकलेली होती आणि वर बघत होती. बराच वेळ. तिला मराठी वाचता येतं. तिने स्वतःचं नाव वाचलं. बाबांचे जोडलेले हात बघितले.

ती बाहेर आली आणि विचारलं, "अंकल, ये आपने लगाया था?"

बाबा केवढे फुलले! "मग! पूरे नाके पे. तुम्हारे घर से नाही बोले ना, म्हणून उतारा. नाहीतर रहनेवाला था."

माझी दोन खोटी कोंबड्यांच्या खुराड्यासमोर एकमेकांना भेटली. भाविकाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आणि ती बाबांकडे वळून म्हणाली, "हां अंकल. मम्मी डर गई थी. सॉरी."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? समोर रस्ता मोकळा होता. नाही बोलले. तिने स्वतःच्या आईवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. वर ती बाबांना म्हणाली, अंकल, आता जाऊया, या वेळी तुम्हीसुद्धा चला. बाबा हसत सुटले, म्हणाले मी विमानात काय करू, गिअर टाकू? पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते मी बघितलं.

तिला रिक्षात बसवायला गेले तर तिने मिठी मारली नाही. "तेरे लिए नहीं बोला," म्हणाली. "अंकल के लिए बोला. आगे तू बोलेगी." रिक्षा गेली.

तुम्हाला वाटेल त्याच रात्री बोलले असेन. छे! मी पुन्हा आखत बसले. असं सांगू, तसं सांगू. तेवढ्यात बाबांनी काय करावं? पासपोर्ट काढला! कुणाला न सांगता. फोटोत डोळे इतके मोठे केलेत की भाऊ म्हणाला, बाबा, इमिग्रेशनवाला घाबरेल. भाविका, बाबा आणि मी, तिघं जायचं असं दोघांनी परस्पर फोनवर ठरवलंसुद्धा. आणि मग बाबा म्हणाले, परक्याची पोर न्यायची, तर आधी भाभीला घरी जाऊन विचारायला हवं. रविवारी जाऊ.

रविवारी सकाळी बाबांनी टेम्पो धुतला. या वेळी पँटसुद्धा इस्त्रीची. मागे नव्या तांदळाचं पोतं ठेवलं. निघाल्यापासून बडबडत होते, भाभीला काय बोलायचं त्याची उजळणी. "मी बोलंन, भाभी, झाला ते झाला. आपुन राग धरला नाय. आई हाय ती, घाबरंल नाय तं काय?" — ते माफ करायला निघाले होते! जिने काही केलं नव्हतं तिला. आणि तिकडे त्या बाईच्या मनात शब्द फिरवणारा माणूस होता. दार उघडल्यावर काय झालं असतं?

वाटेत चिखलोलीच्या नव्या टॉवरांपाशी मी बोलले. आखलेलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "बाबा, त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मीच घाबरले. आणि तिकडे तुमचं नाव सांगितलं." टेम्पोच्या आवाजात पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. खोटं हळू बोललं तरी चाललं होतं. खरं ओरडून सांगायला लागलं.

अंबरनाथ गेलं. उल्हासनगर आलं. बाबा समोर बघत गाडी चालवत होते, हॉर्नसुद्धा वाजवत नव्हते, आणि बाबा हॉर्नशिवाय गाडी चालवत नाहीत. मी रडले नाही. रडायचा मला काय अधिकार होता?

बिल्डिंगीखाली त्यांनी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच. म्हणाले, "बाजारात त्यानं तोंड फिरवला, तवापासून मी त्या गल्लीत जात नाय." मग म्हणाले, "तू घाबरलीस, ह्या मना सांगायचा व्हता गो. मी आलो असतो संगती. मी पन कवा इमानात नाय बसलो. दोगं घाबरलो असतो."

मला वाटलं, आता ते मला घरी परत नेतील. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे हात केला. "तू फुडं हो."

मी पुढे झाले. बेल मी वाजवली. आंटींनी दार उघडलं, मला बघून हसल्या, मागे बाबांना बघितलं आणि हसू गेलं. मी उंबऱ्याबाहेरच सांगितलं, सगळं, माझ्या हिंदीत. बाबांनी शब्द मोडला नव्हता, मी मोडला. जेवतानाचं ते वाक्य — ती माणसं असलीच — ते मात्र सांगायची छाती झाली नाही. ते इथे लिहिलंय. आंटींना मराठी वाचता येतं.

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, आइए. बैठिए."

बाबा सोफ्याच्या कडेला टेकले. आंटी म्हणाल्या, आराम से. तसे ते मागे सरकले, पाठ टेकवली. आतून भाविकाचे पप्पा आले, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "साईं, टेम्पो अभी भी वही है क्या?" बाबांनी खिशातून नवा पासपोर्ट काढून दाखवला. सगळे त्या फोटोतले डोळे बघून हसले. स्वयंपाकघरात भाविका कोकी भाजत होती, वास दारापर्यंत येत होता.

मला कुणी बस म्हटलं नाही. मी दाराशी उभी होते.